बारावीचे गणित आणि सीमाभागातले हिशेब

व्यवहारातला प्रश्न चिन्हांत मांडणे, तो सोडवणे आणि आलेले उत्तर पुन्हा व्यवहारात नेऊन तपासणे, या तीन पायऱ्यांच्या कामाला उपयोजित गणित म्हणतात. बारावीच्या वर्गात जवळजवळ सगळा वेळ मधल्या पायरीवर जातो. प्रश्न मांडूनच दिलेला असतो आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी जुळले की काम संपते. पण मधली पायरी आज कॅल्क्युलेटर आणि संगणकही करतो. पहिली आणि तिसरी माणसालाच करावी लागते, आणि विद्यार्थी अडतो तो तिथेच.

बेळगाव-निपाणी भागात बारावीचे गणित एकाच साच्याचे नाही. कर्नाटकाच्या व्यवस्थेत ही दुसरी पीयूसी. विज्ञान शाखेला एनसीईआरटीच्या धर्तीचे गणित असते, तर वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ‘बेसिक मॅथ्स’ हा विषय घेऊ शकतात. हुंडीची वटणावळ, शेअर, सरासरी, गुणोत्तर-प्रमाण हे त्यातले भाग. निपाणीला अगदी लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज मात्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात येते. तिथे जाणारा निपाणीचा मुलगा महाराष्ट्र मंडळाची बारावी देतो, आणि वाणिज्य शाखेत असेल तर विमा, वार्षिकी, निर्देशांक, काल श्रेणी, नेमणुकीचे प्रश्न शिकतो. सीबीएसईने २०२०-२१ पासून अकरावीला ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ हा वेगळा ऐच्छिक विषय आणला. एकाच गल्लीतली तीन मुले तीन वेगळी पुस्तके वाचत असतात, पण त्यांच्या घरी येणारे उसाचे बिल, जमिनीचा उतारा आणि बँकेचे पासबुक सारखेच असते.

या भागाची आणखी एक अडचण आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेला विद्यार्थी पीयूला एकदम इंग्रजी पुस्तकावर येतो. आकडेमोड त्याला येते, पण शाब्दिक उदाहरणातले वाक्य ‘कमीत कमी’ म्हणते की ‘जास्तीत जास्त’, हे निसटले की असमानतेचे चिन्ह उलटे पडते आणि पुढचे सगळे चुकते. अशा मुलाला ‘गणितात कच्चा’ म्हणणे हा अन्याय आहे. तेच उदाहरण आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढायला लावले, तर तोच मुलगा ते नीट मांडतो. दोन-तीन महिने असा सराव झाला की इंग्रजी वाक्यालाही तो बुजत नाही.

व्यवहाराचे गणित या मुलखाला नवे नाही. बाराव्या शतकात राजादित्याने कन्नडमध्ये ‘व्यवहारगणित’ नावाचा ग्रंथच लिहिला. त्याच शतकात, ११५० मध्ये, भास्कराचार्यांची ‘लीलावती’ पूर्ण झाली. तिची सुरुवात परिमाणांच्या कोष्टकांनी होते: २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. त्यानंतर वजने, लांबी आणि धान्याची मापे येतात. बेरीज-वजाबाकीच्या आधी एकके, हा क्रम विचार करून ठेवलेला आहे. आजच्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या चुका एककांच्याच असतात, म्हणून उपयोजित गणिताची सुरुवात अजूनही तिथूनच व्हायला हवी.

सीमेवर तर एककांची गाठ रोज पडते. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, कर्नाटकाच्या आरटीसीवर म्हणजे पहाणीवर ते एकर-गुंठ्यात असते. कागल तालुक्यात एक रान आणि निपाणी तालुक्यात दुसरे, अशी कुटुंबे या पट्ट्यात आहेत. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की बोलताना ‘आर म्हणजे गुंठाच’ असे सहज म्हटले जाते. पण ४० गुंठ्यांचा एकर होतो, आणि ४० आर म्हणजे जेमतेम साडेएकोणचाळीस गुंठे. अर्ध्या गुंठ्याचा फरक पाचशे चौरस फुटांच्या आसपास जातो. गावठाणाजवळच्या जागेत तेवढ्यात एक लहान घर उभे राहते.

रानाचे क्षेत्रफळ काढताना याहून मोठी चूक होते. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, हा सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे. त्यातून येणारे क्षेत्र खऱ्या क्षेत्राइतके फक्त आयतात येते, बाकी प्रत्येक चौकोनात ते जास्तच येते. चारही बांध १०० फुटांचे असलेले रान काटकोनी असेल तर १०,००० चौरस फूट भरते, म्हणजे ९.१८ गुंठे. तेच रान कलते असून एक कोन ६० अंशांचा असेल, तर क्षेत्रफळ १०० × १०० × साइन ६०°, म्हणजे ८,६६० चौरस फूट, अर्थात ७.९५ गुंठे. बांध तेवढेच, पण सव्वा गुंठा गायब. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त याच कारणासाठी फटकारले आहे, कारण कर्ण किंवा लंब कळल्याशिवाय चौकोन ठरतच नाही. म्हणून मोजणीच्या वेळी कर्णावर टेप धरायची, दोन त्रिकोण करायचे आणि बाजूंवरून प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढायचे. यासाठी लागणारे हेरॉनचे सूत्र शाळेतच शिकवलेले असते.

या भागातल्या बारावीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त शिकवणारा कागद मात्र उसाच्या बिलाचा आहे. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिक्कोडीचा दूधगंगा-कृष्णा असे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तिथे हा कागद घरोघरी सापडतो. केंद्र सरकार दर हंगामाला उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा दर ठरला. उतारा त्याहून जितका जास्त, तितके प्रत्येक ०.१ टक्क्यामागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात. कमी असेल तर त्याच हिशेबाने घटतात. पण उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही.

हे नियम चिन्हांत मांडले तर एक फलन मिळते. उताऱ्याला ‘उ’ म्हटले, तर उ साडेनऊपर्यंत असताना दर ३२९.०५ हा स्थिरांक राहतो, आणि पुढे दर = ३५५ + ३४.६ × (उ − १०.२५). सूत्रात ३.४६ ऐवजी ३४.६ कुठून आले, हे विचारल्यावर वर्गातले बरेच हात खाली राहतात. ३ रुपये ४६ पैसे एका दशांश टक्क्याला आहेत, पूर्ण टक्क्याला त्याच्या दहापट. ही मांडणी विद्यार्थ्याने स्वतः केली की त्याला चढाचा, म्हणजे स्लोपचा, अर्थ रुपयांत कळतो.

आता ९.५ या बिंदूवर काय होते ते पाहावे. उजव्या बाजूच्या सूत्रात ९.५ घातले तर ३५५ मधून २५.९५ वजा होऊन ३२९.०५ येतात. डाव्या बाजूलाही तेवढेच आहेत. आलेख तुटत नाही, फलन तिथे संतत आहे. पण डावीकडे चढ शून्य आणि उजवीकडे ३४.६. एका बिंदूला दोन चढ असल्यामुळे तिथे अवकलज अस्तित्वात नाही. ‘संतत आहे पण अवकलनीय नाही’ हे वाक्य दुसऱ्या पीयूच्या पुस्तकात निरपेक्ष मूल्याच्या फलनावर शिकवले जाते आणि बहुतेकांना ते पाठ करावे लागते. उसाच्या दरात त्याला अर्थ आहे: त्या कोपऱ्याच्या डावीकडे उतारा आणखी घसरला तरी शेतकऱ्याचा दर घटत नाही, उजवीकडे प्रत्येक दशांश टक्क्याला पैसे आहेत. धोरण आखणाऱ्यांनी तो कोपरा मुद्दाम ठेवलेला आहे.

साडेअकरा टक्के उताऱ्याला दर किती? १०.२५ पासून सव्वा टक्का वर, म्हणजे साडेबारा दशांश. साडेबारा गुणिले ३.४६ म्हणजे ४३ रुपये २५ पैसे. दर क्विंटलला ३९८.२५, टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि मग हातात येणारा आकडा दिसतो. उतारा ‘सव्वा टक्का वाढला’ म्हणणे आणि ‘बारा टक्के वाढला’ म्हणणे, दोन्ही बरोबर असू शकते. पहिल्यात टक्केवारीतली वजाबाकी आहे, दुसऱ्यात १०.२५ या पायावरची वाढ आहे. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते, आणि ती ओळखता येणे हे बारावी झालेल्या माणसाकडून अपेक्षित आहे.

अवकलनाला ऊस आहे तसे समाकलनाला पाणी आहे. पावसाळ्यात हिडकल, कोयना, अलमट्टी या धरणांचे आकडे या भागात रोज वाचले जातात. आवक आणि विसर्ग क्युसेकमध्ये, साठा टीएमसीमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तो वेग आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, ती राशी आहे. वेग आणि राशी यांचा संबंध हाच समाकलनाचा विषय. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांनी शंभर कोटींना भागले की ११,५७४ येतात. म्हणजे सुमारे साडेअकरा हजार क्युसेक पाणी दिवसभर सतत येत राहिले तर एक टीएमसी भरते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर धरणाची कुठलीही बातमी तपासता येते. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची क्षमता सुमारे ५१ टीएमसी. साठा ४५ वर असताना आवक २०,००० आणि विसर्ग ८,५०० क्युसेक असेल, तर निव्वळ भर ११,५०० ची, आणि धरण साधारण सहा दिवसांत भरेल.

पण आवक सहा दिवस सारखी राहत नाही, आणि समाकलन लागते ते यामुळेच. समजा, दर सहा तासांनी घेतलेली निव्वळ आवक ४,०००, ८,०००, १४,०००, १०,००० आणि ६,००० क्युसेक आहे. आलेखावर हे पाच बिंदू जोडले की चार समलंब चौकोन तयार होतात. पहिला आणि शेवटचा आकडा निम्मा धरून पाचांची बेरीज ३७,००० येते. तिला सहा तासांनी आणि तासाच्या ३,६०० सेकंदांनी गुणले की ७९ कोटी ९२ लाख घनफूट, म्हणजे ०.८ टीएमसी. ज्याला सूत्राने इंटिग्रेशन करता येते पण हातात सूत्रच नसेल, नुसते आकडे असतील, तर काय करायचे हे माहीत नाही, त्याचे शिक्षण अर्धे राहिले आहे. नदीला कधी सूत्र नसते. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्या गावांनी पाहिला, तिथल्या मुलांनी हा हिशेब करायला शिकावे. पूल पाण्याखाली कधी जाईल, या प्रश्नाच्या उत्तरात विसर्ग, पाऊस आणि वेळ यांचे हेच नाते असते.

कर्जाच्या हिशेबाला थोडक्यात आटोपता येईल, पण तो टाळता येणार नाही. सावकारी ‘शेकडा दोन’ म्हणजे महिन्याला दोन टक्के. बारा महिन्यांचे चोवीस असे वाटते, पण व्याज मुदलात मिळत गेले तर १.०२ चा बारावा घात १.२६८ येतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ सत्तावीस टक्के. ‘फ्लॅट’ व्याजाचा फसवेपणा याहून मोठा आहे. एक लाख रुपये, बारा टक्के फ्लॅट, दोन वर्षे: व्याज २४,०००, हप्ता ५,१६७ रुपये. तेच बारा टक्के घटत्या शिलकीवर असतील, तर हप्ता ४,७०७ येतो आणि एकूण व्याज तेरा हजारांच्या आतच राहते. कारण उघड आहे. मुद्दल दर महिन्याला फिटत असते, आणि फ्लॅट पद्धतीत फिटलेल्या मुदलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहते. त्या ५,१६७ च्या हप्त्याचा घटत्या शिलकीवरचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात आहे. दुचाकीच्या कर्जावर सही करण्याआधी हा हिशेब घरातल्या बारावीच्या मुलीने मांडावा. भूमितीय श्रेणी तिला येते, तेवढे पुरते.

रेषीय नियोजन हे प्रकरण तिन्ही अभ्यासक्रमांत आहे आणि सोपे समजले जाते, कारण आलेख काढून कोपरे तपासले की गुण मिळतात. त्याचे खरे बळ मांडणीत आहे. समजा, पाच एकर रान आहे आणि पाळीने मिळणारे पाणी १८ एकके. उसाला एकरी ६ एकके पाणी लागते, सोयाबीनला २. एकरी नफा उसाला ६०,००० आणि सोयाबीनला २५,००० धरला. सगळा ऊस लावावा, असे प्रथम वाटते. पण पाणी तीन एकरांतच संपते, दोन एकर पडून राहतात आणि नफा १,८०,००० होतो. सगळे सोयाबीन केले तर १,२५,०००. दोन्ही मर्यादा जिथे छेदतात त्या कोपऱ्यावर, दोन एकर ऊस आणि तीन एकर सोयाबीन असताना, नफा १,९५,००० येतो. इथे थांबू नये. पाणी १८ ऐवजी २० एकके मिळाले तर? छेदबिंदू अडीच-अडीच एकरांवर सरकतो, नफा २,१२,५०० होतो. दोन एककांनी १७,५०० वाढले, म्हणजे या शेतकऱ्यासाठी पाण्याच्या एका एककाची किंमत ८,७५० रुपये आहे. मोटारीचे, ठिबकचे किंवा जादा पाळीचे पैसे त्या आकड्याच्या आत बसतात की नाही, हे आता ठरवता येते. परीक्षेत हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, शेतीत तोच आधी विचारला जातो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशिन शॉपमध्ये त्रिकोणमितीशिवाय दिवस जात नाही. १२० मिलिमीटर व्यासाच्या पिच सर्कलवर, म्हणजे भोकांची केंद्रे ज्यावर येतात त्या वर्तुळावर, आठ भोके पाडायची आहेत. शेजारच्या दोन भोकांचे अंतर परिघाला आठाने भागून ४७.१२ काढणारा चुकतो, कारण ते कंसाचे अंतर झाले. कंपास किंवा कॅलिपर सरळ रेषेत मोजतो, त्याला जीवा हवी: १२० × साइन २२.५°, म्हणजे ४५.९२. सव्वा मिलिमीटरचा हा फरक प्रत्येक भोकाला साठत जातो आणि शेवटच्या दोन भोकांमध्ये ४६ ऐवजी जेमतेम ३७ मिलिमीटर उरतात. जॉब भंगारात जातो.

आकड्यांचा अर्थ लावणे, हे संख्याशास्त्राचे काम, सर्वांत सोपे दिसते आणि तिथेच जास्त फसगत होते. बेळगाव जिल्ह्याचा ‘सरासरी पाऊस’ घ्या. खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या उगमाशी असलेल्या कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडचा अथणीचा भाग अवर्षणाशी झुंजतो. दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. त्यांची सरासरी काढली तर येणारा आकडा ना कणकुंबीच्या उपयोगाचा, ना अथणीच्या. विस्तार किती आहे, मध्यक कुठे आहे, भार कशाला द्यायचा, हे विचारल्याशिवाय सरासरी वापरू नये.

या सगळ्या उदाहरणांत शेवटची तपासणी एकच आहे: उत्तर शक्य कोटीतले आहे का? टनाला चाळीस हजारांचा दर, दिवसात पन्नास टीएमसी भरणारे धरण, पाच एकरांत सात एकरांचे पीक, अशी उत्तरे वहीत सापडतात, कारण लिहिताना कोणी थांबून पाहिलेले नसते. उत्तर काढण्याआधी अंदाज लिहून ठेवण्याची सवय यावर सर्वांत चांगला उपाय आहे. अंदाज चुकला तरी चालतो, दहापटीने चुकू नये.

प्रवेश परीक्षा या सवयीला वेळ देत नाहीत. केसीईटीत गणिताचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात, तर एमएचटी-सीईटीत ५० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात. तिथे सराव आणि वेगच लागतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मांडणीसाठीही जागा आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे बारावीच्या गणितात लेखी परीक्षा ८० गुणांची आणि २० गुण महाविद्यालयाच्या हातात आहेत. ते गुण वह्या पूर्ण केल्याबद्दल वाटून टाकण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला घरचे उसाचे बिल, कर्जाचा तक्ता, रानाची मोजणी किंवा महिनाभराचे धरणाचे आकडे यांपैकी एक काम द्यावे. त्याने ते स्वतः मांडावे, सोडवावे आणि वर्गापुढे तपासून दाखवावे. यासाठी नवा अभ्यासक्रम नको, नवे पुस्तकही नको. येत्या जूनपासून कोणत्याही कॉलेजला हे सुरू करता येईल.